मदन महल : नाम, पदार्थ आणि ज्ञाननिरूपण

१. प्रश्नाची मांडणी

जबलपूर शहरात ‘मदन महल’ हा शब्द उच्चारला असता ऐकणाऱ्याच्या मनात कोणती वस्तू उभी राहील, हे प्रसंगावर अवलंबून असते. प्रवाशाच्या लेखी ते इटारसी-जबलपूर लोहमार्गावरील एक रेल्वे स्थानक आहे. पत्ता शोधणाऱ्याच्या लेखी ती एक वस्ती आहे. सहलीला निघालेल्यांच्या लेखी ती काळ्या खडकांची टेकडी आहे. आणि इतिहासाच्या अभ्यासकाच्या लेखी ती गढा राज्याच्या गोंड राजांशी निगडित अशी, एका प्रचंड शिळेवर उभी असलेली लहानशी वास्तू आहे. याच वास्तूला अनेक जण ‘राणी दुर्गावतीचा किल्ला’ म्हणतात. म्हणजे एका नामाला अनेक पदार्थ आणि एका पदार्थाला अनेक नामे, असा दुहेरी गुंता येथे आहे.

मराठी भाषकाच्या बाबतीत या गुंत्याला आणखी एक पदर आहे. हिंदीतील ‘महल’ म्हणजे प्रासाद. मराठीतील ‘महाल’ म्हणजे प्रासाद तर खराच, परंतु महसुली विभाग हाही त्याचा रूढ अर्थ आहे. पंचमहाल या जिल्ह्याच्या नावात तोच अर्थ आहे. नागपुरात ‘महाल’ हे भोसल्यांच्या वाड्याभोवती वसलेल्या जुन्या भागाचे नाव आहे. टेकडीवरील प्रत्यक्ष वास्तू मात्र प्रासाद नव्हे आणि महसुली विभागही नव्हे. तिचा आकार आणि तिची जागा पाहता ती टेहळणीची चौकी असावी, असाच तर्क संभवतो. नावात महल, लोकांच्या तोंडी किल्ला, उपयोगाने चौकी : या तीन विधानांपैकी कोणते ‘खरे’, हा प्रश्न बोलणाऱ्या माणसाला फारसा अडवीत नाही. ही माहिती यंत्राला सांगावयाची असेल तर मात्र तो टाळता येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या शाखेला ‘ज्ञाननिरूपण’ म्हणता येईल तिचा आरंभ नेमका या ठिकाणी होतो. जगात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत, त्यांच्यात कोणते संबंध संभवतात आणि त्या संबंधांवरून कोणती अनुमाने काढणे योग्य आहे, हे यंत्राला वापरता येईल अशा काटेकोर रूपात मांडणे, हे या शाखेचे कार्य होय. अशा मांडणीला संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. हा शब्द तत्त्वज्ञानातून उचललेला आहे. तेथे त्याचा अर्थ सत्तामीमांसा, म्हणजे ‘आहे’ या क्रियापदाचा विचार. उसन्या घेतलेल्या या शब्दाच्या मागे कोशरचना, पदार्थविचार आणि शासनव्यवहार यांचा दीर्घ इतिहास आहे. त्या इतिहासात महाराष्ट्राचा आणि मध्य प्रांताचा वाटा कोणता, आणि त्यातून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. पूर्वपीठिका : पदार्थ, वर्ग, कोश

युरोपीय परंपरेत या विचाराचे मूळ ॲरिस्टॉटलच्या दहा पदार्थांपर्यंत नेले जाते. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी याने त्यावर लिहिलेल्या प्रस्तावनेतून पुढे ‘पॉर्फिरीचा वृक्ष’ ही आकृती रूढ झाली. द्रव्यापासून निघून सजीव, प्राणी, मनुष्य असे उतरत जाणारे हे वर्गीकरण आजच्या ऑन्टॉलॉजीतील वर्ग-उपवर्ग रचनेचे पूर्वरूप होय.

भारतीय परंपरेत वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव असे सात पदार्थ मानले. द्रव्ये नऊ, गुण चोवीस, कर्मे पाच असा त्यांचा पुढील विभाग आहे. ही केवळ यादी नाही. समवाय म्हणजे अवयव आणि अवयवी, गुण आणि गुणी यांना जोडणारा नित्य संबंध. त्याला स्वतंत्र पदार्थाचे स्थान देणे याचा अर्थ असा की, वस्तूंइतकेच वस्तूंमधील संबंधही जगाच्या घटकांत मोजावे लागतात, हे या परंपरेला मान्य होते. अभावाला पदार्थ मानणे हे त्याहूनही लक्षणीय आहे. त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ने ही रचना विद्यार्थ्यांच्या पाठांतरात आणली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ सिद्ध झाला आणि १९२८ मध्ये वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्याची सुधारित आवृत्ती तयार केली. या कोशात एकेका पारिभाषिक शब्दाचे निरनिराळ्या ग्रंथकारांनी केलेले अर्थ मूळ ग्रंथांच्या निर्देशासह दिलेले आहेत. कोणता अर्थ कोणाचा, हे नोंदविण्याची ही शिस्त आज यंत्रांच्या ज्ञानसंग्रहांत पुन्हा नव्याने शोधली जात आहे.

दुसरा प्रवाह कोशांचा. ‘अमरकोश’ वर्णानुक्रमाने नव्हे, तर विषयवर्गांनी रचलेला आहे. स्वर्गवर्ग, भूमिवर्ग, पुरवर्ग, वनौषधिवर्ग अशा क्रमाने जाणारा हा कोश म्हणजे शब्दांच्या मिषाने केलेली जगाची मांडणी होय. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि शिवजा नायर यांनी ‘अमरकोशा’तील ज्ञानरचनेचा संगणकीय अभ्यास केला आणि शब्दांमागे दडलेले परापरभाव, अवयवावयवी, जन्यजनक, पतिपत्नी, स्वस्वामी असे संबंध उघड करून दाखविले. संस्कृत वाचकाला हे संबंध सांगावे लागत नव्हते. क्रमावरून ते त्याला उमगत. यंत्राला मात्र ते नाव देऊन सांगावे लागतात. एका शब्दाचे अनेक अर्थ ही अडचण अमरसिंहाने तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात स्वतंत्रपणे हाताळली आहे. ‘मदन महल’ हे नाव त्याला ठाऊक असते, तर त्याने ते बहुधा तेथेच घातले असते.

शिवकालातील ‘राजव्यवहारकोश’ याच परंपरेतील आहे, मात्र त्याचा हेतू निराळा आहे. रघुनाथपंडितांच्या नावावर असलेल्या या लहानशा कोशात फारसी राजकीय शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. त्याचे दहा वर्ग आहेत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग ही त्यांपैकी काही नावे. या कोशाकडे सामान्यतः भाषाशुद्धीचा प्रयत्न म्हणून पाहिले जाते. परंतु वर्गांची नावे लक्षात घेतली असता दिसते की, तो एका राज्ययंत्रणेचा आराखडाही आहे. राज्य म्हणजे कोणकोणत्या गोष्टी, त्यांत कोणती पदे, कोणती स्थाने, कोणती साधने, हे तो सांगतो. दुर्गांना स्वतंत्र वर्ग मिळावा यात मराठी राज्याचा अनुभव आहे. दुसऱ्या एखाद्या राज्याच्या कोशात किल्ला इमारतींच्या वर्गात गेला असता. वर्गीकरण हे जगाचे चित्र असते, त्याचप्रमाणे ते वर्गीकरण करणाऱ्याच्या गरजांचेही चित्र असते, हे येथे ठसते.

विसाव्या शतकात श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्यापुढे हाच प्रश्न अधिक व्यापक रूपात उभा राहिला. कॉर्नेल विद्यापीठात समाजशास्त्रीय अभ्यास केलेल्या आणि १९०९ मध्ये जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केलेल्या केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कार्य नागपुरात मंडळ स्थापून हाती घेतले. नागपूर आणि जबलपूर ही दोन्ही नगरे तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होती. ज्ञानकोशाचे २३ खंड १९२०च्या दशकात प्रसिद्ध झाले. त्यांतील पहिले पाच खंड वर्णानुक्रमाने नाहीत. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास अशी त्यांची प्रस्तावनारूप रचना आहे. केतकरांची ही योजना पुष्कळांना अवाजवी वाटली. तथापि तिच्यामागे एक निश्चित भूमिका दिसते. वर्णानुक्रम हा शोधण्याचा क्रम आहे, समजण्याचा नव्हे. ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतच्या नोंदी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, हे सांगणारी चौकट आधी हवी. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर केतकरांनी माहितीच्या नोंदींपूर्वी त्यांची ऑन्टॉलॉजी छापली.

३. यंत्रासाठी ज्ञान

१९५६च्या डार्टमथ येथील परिषदेने ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रूढ केले. त्या परिषदेच्या प्रवर्तकांपैकी जॉन मॅकार्थी यांनी १९५९ मध्ये व्यवहारज्ञान असलेल्या यंत्राची कल्पना मांडली. यंत्राला जगाविषयीची विधाने तर्कशास्त्राच्या भाषेत सांगावीत आणि त्यांवरून त्याने स्वतः निष्कर्ष काढावेत, असा तिचा आशय होता. १९६०च्या दशकात रॉस क्विलियन यांनी शब्दार्थांची जाळी कल्पिली. तिच्यात प्रत्येक कल्पना ही एक गाठ आणि प्रत्येक संबंध हा एक धागा होता. १९७४ मध्ये मार्विन मिन्स्की यांनी ‘फ्रेम’ची, म्हणजे पूर्वअपेक्षांच्या चौकटीची कल्पना मांडली. किल्ला म्हटले की तट, दरवाजा, पाणी, शिबंदी यांच्या जागा मनात आपोआप तयार होतात. प्रत्यक्ष माहिती मिळाली की त्या भरल्या जातात, न मिळाल्यास नेहमीची गोष्ट गृहीत धरली जाते. मदन महलाच्या बाबतीत ही चौकट लगेच अडखळते, कारण तेथे किल्ल्याच्या विस्ताराची तटबंदी नाही.

सामान्य नियम आणि त्याचा अपवाद यांचा हा प्रश्न या शाखेत पुढे फार गाजला. ज्यांना पाणिनीय व्याकरण परिचित आहे त्यांना त्यात नवल वाटणार नाही. उत्सर्ग सर्वत्र लागू होतो, पण अपवाद जेथे येतो तेथे तो उत्सर्गाला बाधित करतो, हे तत्त्व वैयाकरणांनी शतकानुशतके चालविले आहे. यंत्रांच्या तर्कशास्त्राला हे तत्त्व औपचारिक रूपात मांडण्यासाठी १९८०च्या सुमारास स्वतंत्र पद्धती शोधाव्या लागल्या.

याच संदर्भात १९८५ मध्ये रिक ब्रिग्ज यांचा एक लेख अमेरिकेतील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कौंडभट्ट आणि नागेशभट्ट यांच्यासारख्या वैयाकरणांच्या शाब्दबोधपद्धतीची तुलना अर्थजाळ्यांशी केलेली होती. नागेशभट्ट हे काशीत वास्तव्य केलेल्या महाराष्ट्रीय घराण्यातील पंडित. या लेखाचे पुढे भारतात जे झाले ते विचारात घेण्यासारखे आहे. ‘संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा’ असे एक लोकप्रिय विधान त्यातून तयार झाले आणि व्यासपीठांवरून फिरत राहिले. लेखाचा मूळ मुद्दा त्याहून मर्यादित आणि त्याहून मोलाचा होता. वैयाकरणांनी वाक्याचा अर्थ क्रिया आणि कारकसंबंध यांच्या द्वारा अशा रीतीने उलगडला की, त्या उलगड्याची रचना अर्थजाळ्याशी जुळते, एवढाच तो मुद्दा. ते श्रेय भाषेचे नाही, विश्लेषणाच्या पद्धतीचे आहे. ती पद्धती मराठीलाही लावता येते. ती लावण्याचे कष्ट मात्र घोषणेने वाचत नाहीत.

१९८४ मध्ये डग्लस लेनट यांनी ‘साइक’ हा प्रकल्प सुरू केला. माणसाचे समग्र व्यवहारज्ञान विधानांच्या रूपाने यंत्राला सांगावयाचे, असा त्याचा संकल्प होता. लेनट यांचे २०२३ मध्ये निधन झाले. तोपर्यंत सुमारे चार दशके ते या कार्याशी निगडित राहिले. केतकरांच्या धाडसाची आठवण व्हावी असा हा उद्योग. दरम्यान १९९३ मध्ये टॉम ग्रूबर यांनी ऑन्टॉलॉजीची जी व्याख्या दिली तिचा मथितार्थ असा : एखाद्या क्षेत्राकडे पाहण्याची जी संकल्पनात्मक दृष्टी आपण स्वीकारलेली असते तिचे उघड व काटेकोर कथन म्हणजे ऑन्टॉलॉजी. या व्याख्येत ‘जग कसे आहे’ असे म्हटलेले नाही, ‘आपण ते कसे कल्पिले आहे’ असे म्हटलेले आहे. तत्त्वज्ञानातील सत्तामीमांसा आणि संगणकातील ऑन्टॉलॉजी यांतील अंतर येथे आहे. २००१ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्थसंपन्न वेबची कल्पना लोकांपुढे ठेवली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ‘आउल’ ही ऑन्टॉलॉजी लिहिण्याची भाषा प्रमाण म्हणून मान्य झाली. संग्रहालये आणि वारसावास्तू यांच्यासाठी तयार झालेला ‘सिडॉक’चा संकल्पनात्मक आराखडा २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरला.

४. मदन महल यंत्राला सांगताना

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळता येईल. मदन महलाविषयीचे ज्ञान अशा रीतीने मांडावयाचे तर प्रथम नाम आणि पदार्थ वेगळे करावे लागतात. स्थानक, वस्ती, टेकडी आणि वास्तू हे चार निरनिराळे पदार्थ. प्रत्येकाला स्वतःची ओळखखूण. ‘मदन महल’ हे त्या चौघांना लागलेले नाम. त्यानंतर संबंध : वास्तू टेकडीवर आहे, स्थानकाला आसपासच्या भागावरून नाव मिळाले आहे, इत्यादी. ही विधाने कर्ता, संबंध आणि कर्म अशा तीन पदांत बसविली जातात. येथपर्यंत अडचण नाही.

अडचण येते ती काळ आणि कर्तृत्व यांच्या बाबतीत. प्रचलित माहितीनुसार ही वास्तू मदनशाह किंवा मदनसिंह या गोंड राजाने बांधली आणि तिचा काळ अकरावे शतक सांगितला जातो. परंतु अकराव्या शतकात या प्रदेशावर त्रिपुरीच्या कलचुरींची सत्ता होती. त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे आजचे तेवर. कलचुरी राजा कर्ण याची कारकीर्द याच शतकातील. गढा येथील गोंड राज्याचा इतिहास भक्कम पुराव्याने हाती लागतो तो सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या संग्रामशाहापासून. त्याची सून राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगलांशी लढताना मरण पावली. त्यापूर्वीच्या राजांची नावे मुख्यतः वंशावळींतून येतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मंडला जिल्ह्यातील रामनगरचा हृदयशाहाच्या काळातील १६६७चा संस्कृत शिलालेख. आपल्या पूर्वजांची परंपरा जितकी मागे नेता येईल तितकी नेण्याची राजवंशांची प्रवृत्ती ध्यानात घेता, अशा वंशावळींचा आरंभीचा भाग जपूनच वापरावा लागतो.

यंत्राला ‘एका काळी एका प्रदेशावर एकच सार्वभौम सत्ता असते’ आणि ‘राजवास्तू सार्वभौम सत्ताच बांधते’ असे दोन नियम दिले, तर वरील विधानांतील विसंगती ते तत्काळ दाखवील. हे त्याचे खरे सामर्थ्य आहे. माहितीपुस्तकांत शेजारी शेजारी सुखाने नांदणारी विधाने परस्परांशी जुळत नाहीत, हे ते लपू देत नाही. परंतु कोणते विधान सोडावयाचे, हे ते सांगू शकत नाही. काळ चुकीचा असेल, कर्ता चुकीचा असेल किंवा नियमच चुकीचे असतील. कलचुरींच्या छायेत डोंगराळ भागात गोंड सरदार स्वतःच्या गढ्या राखून असतील, तर ‘एकच सार्वभौम सत्ता’ हा नियम मध्ययुगीन गोंडवनाला लागूच होत नाही. ज्या राज्याची मोजदाद बावन्न गढ्यांनी केली जाई, तेथे सत्तेची कल्पनाच वेगळी होती. म्हणजे विसंगतीचा निर्देश हा निर्णय नसून संशोधनाचा आरंभ आहे.

‘सिडॉक’च्या आराखड्यात यावर एक उपाय आहे. ‘मदन महल अकराव्या शतकात बांधला’ असे थेट न नोंदविता ‘अमुक ग्रंथाने, अमुक वर्षी, ही वास्तू अमुक काळाची ठरविली’ असे नोंदविता येते. विधान हीच तेथे एक घटना ठरते. ‘न्यायकोशा’तील ‘हा अर्थ अमुक ग्रंथकाराचा’ ही पद्धत येथे नव्या रूपात दिसते. अशा नोंदीत लोकपरंपरा, शिलालेख आणि आधुनिक मत ही तिन्ही आपापल्या नावाने नांदू शकतात.

दुसरी अडचण अभावाची. साध्या माहितीसंग्रहात जे नोंदलेले नाही ते नाही, असे धरले जाते. रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी नसेल तर ती गाडी नाही, हे अनुमान योग्य आहे. ऑन्टॉलॉजीच्या भाषांनी मात्र उलट भूमिका घेतली : जे नोंदलेले नाही ते अज्ञात आहे, असत्य नव्हे. इतिहासाच्या दृष्टीने ही भूमिका अधिक प्रामाणिक आहे. सोळाव्या शतकापूर्वीच्या गोंड सत्तेचे लेख नाहीत, यावरून ती सत्ताच नव्हती असे म्हणता येत नाही. नैयायिकांनी येथे आणखी एक बारीक भेद केला होता. भूतलावर घट नसणे हे ज्ञान होण्यासाठी, घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असावी लागते. जेथे लेख लिहिण्याची प्रथाच नव्हती, तेथे लेखाचा अभाव काहीही सिद्ध करीत नाही. अभावाला पदार्थांत स्थान देणाऱ्या परंपरेकडून ज्ञाननिरूपणाला घेण्यासारखे पुष्कळ आहे, ते या जागी.

५. वर्गीकरण आणि सत्ता

जबलपूरच्या इतिहासात वर्गीकरण हे केवळ पंडितांचे काम राहिलेले नाही. १७८१ मध्ये गढा-मंडला सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७-१८च्या युद्धानंतर इंग्रजांच्या हाती पडले. पुढे या प्रदेशात विल्यम स्लीमन यांनी ठगांविरुद्धची मोहीम चालविली. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेऊन त्यांवरून ठगांच्या वंशावळी तयार करणे आणि एकाच्या कथनाची दुसऱ्याच्या कथनाशी पडताळणी करणे, ही त्यांची पद्धत होती. १८३६ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झालेल्या ‘रामसीआना’ या त्यांच्या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे. कोश, वंशवृक्ष आणि परस्परसंबंधांची नोंद : यंत्राविना उभारलेला हा एक ज्ञानसंग्रहच होता. ‘ठग’ या वर्गात एखाद्या माणसाचे नाव चढले म्हणजे त्याचे नातलगही संशयाच्या जाळ्यात येत. हा वर्ग प्रत्यक्षात होता तसाच नोंदला गेला की नोंदणीनेच तो इतका सुसंघटित दिसू लागला, याविषयी इतिहासकारांत दीर्घ वाद आहे. वर्गाचा गुणधर्म वर्गातील प्रत्येक व्यक्तीकडे वारशाने जातो, हा ऑन्टॉलॉजीतील निरुपद्रवी दिसणारा नियम माणसांना लावला असता काय होते, याचे हे उदाहरण होय. याच स्लीमन यांनी १८३७ मध्ये गढा-मंडलाच्या राजांचा इतिहासही प्रसिद्ध केला.

गोंडांचे स्वतःचे वर्गीकरण याहून वेगळे होते. त्यांच्या परंपरेत कुळे देवांच्या संख्येवरून ओळखली जातात : चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे. समान संख्येच्या कुळांत विवाहसंबंध होत नाही. चार संख्यांवर उभारलेली ही रचना आप्तसंबंध, उपासना आणि विवाह यांचे नियम एकाच सूत्रात सांगते; तिच्यावरून नवी अनुमाने काढता येतात. ज्ञाननिरूपणाचा याहून सुटसुटीत नमुना शोधूनही सापडणे कठीण. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगोविषयक गाणी टिपून घेतली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंड काढले. त्यांत देवसंख्येची ही व्यवस्था नोंदलेली आहे. मात्र ती ‘गोंड’ या वर्णानुक्रमी नोंदीच्या पोटात आहे. जी स्वतः जगाची वर्गवारी करणारी रचना होती ती दुसऱ्याच्या वर्गवारीतील एक बाब झाली. मजकूर वाचला, पण त्याचे स्थान पालटले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा अनुभव परका नाही. एखाद्या भाषेतील वाङ्मयप्रकार दुसऱ्या भाषेच्या प्रकारनामांखाली लावले की नेमके हेच घडते.

६. मराठी शब्दांची जाळी

या प्रश्नाचे आजचे मराठी रूप वर्डनेटमध्ये दिसते. प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून जॉर्ज मिलर यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी वर्डनेट तयार होऊ लागले. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नव्हे, तर समानार्थी शब्दांच्या संचांनी मांडलेले आहेत, आणि संच एकमेकांशी वर्ग-उपवर्ग, अवयव-अवयवी अशा संबंधांनी जोडलेले आहेत. भारतात आयआयटी मुंबई येथे पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदी वर्डनेट उभारले आणि त्याच्या आधाराने मराठी व इतर भारतीय भाषांची वर्डनेटे जोडली गेली. ‘इंडोवर्डनेट’ या नावाने हे कार्य २०१० पर्यंत विद्वानांपुढे आले होते. हिंदीतील संच घ्यावयाचा, त्याच कल्पनेचा मराठी संच त्याला जोडावयाचा, अशी ही विस्ताराची पद्धत आहे. तिचे लाभ उघड आहेत. काम लवकर होते आणि भाषा परस्परांशी आपोआप जोडल्या जातात.

तिची मर्यादा नातेवाचक शब्दांत स्पष्ट दिसते. इंग्रजीतील ‘अंकल’ या एका शब्दाला मराठीत काका आणि मामा असे पर्याय लागतात, शिवाय आतोबा आणि मावसाही. येथे हिंदीचा आधार उपयोगी पडतो, कारण हिंदीतही हे भेद आहेत. परंतु हिंदीत दादा आणि नाना हे वेगळे. मराठीत दोघेही आजोबा. हिंदीतील ‘दादा’ वडिलांचे वडील, मराठीतील ‘दादा’ थोरला भाऊ. जबलपूरच्या मराठी घरांत दोन्ही भाषा बोलल्या जातात. अशा घरात ‘दादा’ या हाकेला कोणी ओ द्यावी, हे हाक मारणाऱ्याच्या भाषेवरून ठरते. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘यात्रा’ या शब्दांचीही तीच गत आहे. रूप एक, पदार्थ वेगळा. इंडोवर्डनेटच्या रचनाकारांनी ही अडचण ओळखून विशिष्ट भाषेपुरत्या संचांची तरतूद केली, हे नमूद करावयास हवे. तथापि विस्ताराच्या पद्धतीत प्रश्न नेहमी एकाच दिशेने विचारला जातो : ‘याला मराठीत काय म्हणतात?’ मराठीत जे वेगळे कल्पिले गेले आहे त्याला अन्य भाषेत काय म्हणावे, हा उलट प्रश्न विचारणारा कोणी असावा लागतो.

हा प्रश्न साहित्याच्या वर्गांनाही लागू होतो. गजानन माधव मुक्तिबोध यांची मातृभाषा मराठी, लेखनाची भाषा हिंदी; काही काळ त्यांचे वास्तव्य जबलपुरातही होते. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील कवी व समीक्षक. ‘मराठी लेखक’ या वर्गाची व्याख्या मातृभाषेवरून केली तर दोघे एका वर्गात येतात. लेखनभाषेवरून केली तर एकाच घरातील दोन भाऊ दोन साहित्यांत विभागले जातात. ग्रंथालयाची सूची, २०१२ पासून चालू असलेला विकिडेटासारखा खुला ज्ञानसंग्रह, विद्यापीठाचा अभ्यासक्रम, या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ही व्याख्या केलेली असते. तौलनिक साहित्याला ज्या सीमारेषेवर आपला विषय सापडतो, ती रेषा तेथे गृहीत धरून ओढलेली असते.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. ज्ञाननिरूपण हे तंत्रज्ञान नवे असले तरी त्यातील प्रश्न पदार्थविचाराचे आणि कोशरचनेचे आहेत. ‘राजव्यवहारकोश’ आणि केतकरांचा ज्ञानकोश यांच्या अभ्यासकाला ते अपरिचित नाहीत. दुसरी गोष्ट, प्रत्येक वर्गीकरणात वर्गीकरण करणाऱ्याचे प्रयोजन मिसळलेले असते. दुर्गवर्गात ते राज्यरक्षणाचे होते, ठगांच्या वंशवृक्षात शासनाचे. तिसरी गोष्ट, विधानासोबत त्याचा कर्ता नोंदविणारी आणि अज्ञाताला असत्य न म्हणणारी पद्धतीच इतिहासाला उपयोगी पडते.

२०२२ नंतर प्रसार पावलेल्या संभाषणक्षम भाषा-प्रारूपांमुळे हा विचार कालबाह्य झाला, असे वाटण्याचा संभव आहे. ही प्रारूपे उघड ऑन्टॉलॉजीवाचून, प्रचंड मजकुरातून शब्दांची साहचर्ये शिकतात. त्यांना मदन महलाविषयी विचारले असता ती ओघवते उत्तर देतात. परंतु ‘अकरावे शतक’ हे त्यांच्या उत्तरात कोठून आले, ते बहुधा दाखविता येत नाही. वर्ग तेथेही असतात, फक्त ते लिहून ठेवलेले नसतात. जी व्याख्या लिहिलेली आहे तिच्याशी वाद घालता येतो. जी नुसती सवयीत मुरलेली आहे तिच्याशी वाद घालणे दुष्कर. ज्या भाषांतील लिखित मजकूर थोडा आहे त्यांच्या बाबतीत दुसऱ्यांच्या सवयीच त्यांच्या नावावर चढण्याचा धोका अधिक आहे. गोंडी ही अशी भाषा आहे, आणि काही विषयांपुरती मराठीही.

म्हणून आपल्या भाषेतील नामे, पदार्थ आणि त्यांचे संबंध उघडपणे, आधारांसह लिहून ठेवणे हे काम संगणकतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. ते कोशकारांचे, भाषाभ्यासकांचे आणि साहित्याच्या इतिहासकारांचेही आहे. मदन महल ही वास्तू कोणी बांधली याचे उत्तर आज एका वाक्यात देता येत नाही. त्या उत्तराचे किती दावेदार आहेत, प्रत्येकाचा आधार काय आणि ‘महल’ हा शब्द कोणत्या भाषेत कोणत्या पदार्थाकडे बोट दाखवितो, हे मात्र नीट नोंदविता येते. त्या नोंदीत गोंडांची देवसंख्येची रचना एखाद्या परिशिष्टात न जाता स्वतःच्या जागी, स्वतःच्या संबंधांसह उभी राहिली, तर शंभर वर्षांपूर्वी प्रांताच्या कोशांत जे घडले त्याची पुनरावृत्ती टळेल.